रुग्ण दुसऱ्यांदा आला का?

अमेरिकेत मेडिकलला प्रवेश घेणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींच्या अर्जात एक ओळ बहुतेक वेळा सापडते: लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या, वस्तीतल्या मोफत दवाखान्यात स्वयंसेवक, अमुक इतके तास. शनिवारची सकाळ अशा कामाला देणाऱ्या प्रत्येक मुलाचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्या दवाखान्याचं काम तासांवरून कळत नाही, किती रुग्ण तपासले यावरूनही कळत नाही. रुग्ण दुसऱ्यांदा आला का, आणि आला तेव्हा त्याचा मागचा रिपोर्ट टेबलावर होता का, हे बघावं लागतं. रक्तदाब मोजून फोटो काढून गेलेली शिबिरं आपण महाराष्ट्रात पोत्याने पाहिली आहेत. तीच चूक तिकडे इंग्रजीत केली म्हणून ती सेवा होत नाही.

हे दवाखाने का लागतात ते आधी समजून घ्यायला हवं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमधली ‘क्लिनिका तेपाती’ १९७४ साली डेव्हिसच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. एवढ्या वर्षांत गरज संपलेली नाही, कारण अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या माणसाला २०१० च्या आरोग्य कायद्याने उभ्या केलेल्या विमा बाजारात पदरचे पूर्ण पैसे मोजूनही विमा घेता येत नाही. १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत त्याला तपासावं लागतं, जीव स्थिर करावा लागतो. पण पुढच्या महिन्याची गोळी तो कायदा देत नाही. याचा सगळ्यात क्रूर परिणाम डायलिसिसमध्ये दिसतो. अनेक राज्यांत अशा रुग्णाला ठरलेल्या दिवशी डायलिसिस मिळत नाही. पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाईपर्यंत, धाप लागेपर्यंत थांबायचं आणि मग इमर्जन्सीच्या दारात जायचं. त्यातल्या कितीतरी जणांची मूत्रपिंडं साखरेने गेलेली असतात, आणि साखरेची साधी गोळी, मेटफॉर्मिन, मोठ्या दुकानांच्या स्वस्त यादीत महिन्याला ४ डॉलर, तीन महिन्यांना १० डॉलर या भावाने मिळत आली आहे.

म्हणून मेटफॉर्मिन नीट सुरू करणं हेच अशा दवाखान्याचं खरं कौशल्य आहे, आणि नेमकं तिथेच चुकतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघायचं. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३० च्या खाली असेल तर ही गोळी चालत नाही, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत. मग ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर, आठवडाभराने दोन, अशी हळूहळू वर. पहिल्या दिवसापासून १००० दोन वेळा दिली की जुलाब लागतात. शेतात टोमॅटो तोडणाऱ्या बाईला जवळ संडास नसतो. ती गोळी बंद करते आणि विद्यार्थ्याला वाईट वाटू नये म्हणून तसं सांगत नाही. तीन महिन्यांनी ए-वन-सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, तेवढंच आलं की फाइलमध्ये ‘रुग्ण औषध घेत नाही’ असं लिहिलं जातं. जुलाब होतील, दोन आठवड्यांत कमी होतील, नाही झाले तर बंद न करता फोन करा, हे पहिल्याच दिवशी सांगायला दोन मिनिटं लागतात.

पायांचंही तसंच. मधुमेहाच्या रुग्णाचे बूट-मोजे डॉक्टर खोलीत यायच्या आधी काढून ठेवायचे, ही जबाबदारी रक्तदाब घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलाची. एरवी पाय बघायचे राहूनच जातात. पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. तो जाणवला नाही, तर त्या माणसाला बुटात खडा गेलेलाही कळणार नाही. आणि आहार सांगताना ‘टॉर्टिया सोडा’ म्हणणं म्हणजे आपल्या आजीला भाकरी सोड म्हणण्यासारखं आहे. सहाच्या दोन करा, मैद्याची सोडून मक्याची घ्या, बरोबर घेवडा आणि नोपाल, म्हणजे निवडुंगाची भाजी, वाढवा, असं सांगितलं तर घरात ऐकलं जातं.

आता भाषा. शाळेत दोन वर्षं स्पॅनिश शिकलेला विद्यार्थी ‘मला येतं’ म्हणतो, हा या दवाखान्यांतला सर्वात मोठा धोका आहे असं माझं मत आहे. १९८० साली फ्लोरिडात विली रामिरेझ या १८ वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरच्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. क्युबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी तो ‘इन्टॉक्सिकेटेड’ या इंग्रजी शब्दासारखा घेतला आणि नशेचा उपचार सुरू केला. मेंदूतला रक्तस्राव दोन दिवसांनी कळला, तोवर हातपाय गेले होते. दुभाषी कुणी बोलावलाच नाही, कारण आपल्याला एकमेकांचं कळतंय असं दोन्ही बाजूंना वाटत होतं. गोळ्यांच्या डबीवर ‘वन्स अ डे’ असं इंग्रजीत छापलं आणि ती स्पॅनिश वाचणाऱ्याच्या हातात दिली, तर ‘वन्स’ची तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ होतात, म्हणजे अकरा.

दुभाषी रुग्णाच्या बाजूला किंचित मागे बसतो, ‘मला दुखतंय’ असं प्रथमपुरुषीच बोलतो, आणि विद्यार्थी दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघतो. एका वेळी दोन वाक्यं, जास्त नाही. बरोबर आलेल्या बारा वर्षांच्या मुलीकडून आईचं बोलणं भाषांतरित करून घेऊ नये. २०१० च्याच कायद्याच्या कलम १५५७ खालचे नियम केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, आणीबाणी सोडून, याची मनाई करतात, आणि कायदा नसता तरी आईने तिच्या तोंडून स्वतःच्या पाळीबद्दल काय सांगावं? ‘समजलं का?’ विचारलं की उत्तर ‘सी’, म्हणजे ‘हो’, हेच येतं. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्यायची ते नवऱ्याला कसं सांगाल?’ असं विचारावं. शिवाय सगळे लॅटिनो स्पॅनिश बोलतात हाही गैरसमज. कॅलिफोर्नियाच्या शेतांत मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातले मिश्तेको आणि त्रिकी बोलणारे मजूर आहेत, ग्वाटेमालातून आलेले माम बोलणारेही आहेत. ‘आईशी कोणत्या भाषेत बोलता?’ हा एक प्रश्न नोंदणीच्या वेळी विचारला की उलगडा होतो. मिश्तेको ते स्पॅनिश, स्पॅनिश ते इंग्रजी असे दोन दुभाषी लागतात, म्हणून त्या भेटीला दुप्पट वेळ ठेवावा.

औषधांची यादी विचारू नका, पिशवी आणायला सांगा. पिशवीतून काय निघेल सांगता येत नाही. मेटामिझोल निघेल. आपल्याकडे जिला अ‍ॅनाल्जिन म्हणतात तीच ही गोळी. अमेरिकेत १९७७ पासून बंद, मेक्सिकोत सर्रास मिळते, आणि क्वचित पांढऱ्या पेशी एकदम खाली नेते. सांधेदुखीचं ‘आर्त्री किंग’ निघेल. त्यात लेबलवर न लिहिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला. ते बघून विद्यार्थ्याने घाबरून ‘आजपासून बंद’ म्हटलं तर रुग्ण कोसळू शकतो, कारण स्टेरॉइड एकदम थांबवलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड लगेच तयार होत नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायचं असतं. आणि मुलाचं पोट धरलं की काही घरांत देतात ती नारिंगी पूड, ‘आसारकोन’. ती शिशाचा ऑक्साइड आहे. आपल्या देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूर रसायनाने हाच. मराठी विद्यार्थ्याने ही पूड एका नजरेत ओळखावी आणि त्या आईला न रागावता मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्यावं.

या सगळ्यावर पाणी पडतं ते पाठपुराव्यात. रक्त शनिवारी घेतलं, रिपोर्ट मंगळवारी आला, ज्या मुलाने घेतलं त्याची बुधवारी परीक्षा. मे महिन्यात शेवटच्या वर्षाची बॅच निघून जाते आणि तिच्याबरोबर निम्मी माहितीही. उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा आहे: एकच वही किंवा एकच तक्ता. रुग्ण, तपासणी, तारीख, फोन कोण करणार, तीन प्रयत्न कधी झाले. त्यावर दर आठवड्याला एका डॉक्टरची सही. प्रीपेड नंबर बदलतात म्हणून पहिल्याच दिवशी दोन नंबर घ्यायचे, एक त्याचा आणि एक बहिणीचा किंवा शेजाऱ्याचा, आणि निरोप ठेवला तर चालेल का हेही विचारायचं. निरोपात आजाराचं नाव कधीही नको. ‘पुढचे दोन महिने कुठल्या पिकावर असाल?’ हेही विचारावं, कारण हंगामाबरोबर कुटुंब गाव बदलतं.

२० जानेवारी २०२५ ला दवाखाने, शाळा, चर्च इथे इमिग्रेशनची कारवाई टाळण्याची जुनी सूचना मागे घेतली गेली. भीतीने माणसं येईनाशी झाली तर त्यांना दोष देता येणार नाही. फाइलमध्ये कुणाच्या कागदपत्रांबद्दल एक अक्षर लिहू नये. तपासणीच्या खोल्यांच्या बाहेर ‘खासगी’ अशी पाटी असावी, आणि न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट व इमिग्रेशन खात्याने स्वतः काढलेलं वॉरंट यातला फरक दाराशी बसणाऱ्याला पाठ असावा. चालू गोळ्या शक्य तिथे ९० दिवसांच्या लिहून द्याव्यात.

आपला मुलगा किंवा मुलगी अशा ठिकाणी नाव नोंदवत असेल, तर आधी तिथल्या प्रमुखाला एवढं विचारायला सांगा: गेल्या महिन्यात जे रिपोर्ट बिघडलेले आले, त्यातल्या किती जणांशी बोलणं झालं? उत्तर द्यायला त्याने तक्ता उघडला तर जावं. आणि तक्ताच नसेल, तर पहिले दोन शनिवार रुग्ण न बघता तो तयार करायला मागावेत.