कोसंबींना साइटेशनच्या फुटपट्टीने मोजणाऱ्यांना

दामोदर धर्मानंद कोसंबींबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर फिरून येतो. त्यातला दावा थोडक्यात असा : गणित, आनुवंशिकी, नाणी, संस्कृत, इतिहास, एवढं सगळं हाताळलं, म्हणून एकातही मुरले नाहीत. गणितात जमेना म्हणून इतिहासाकडे वळले. पुरावा हवा तर त्यांच्या शोधनिबंधांची साइटेशन (इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) आणि त्यांवरून काढला जाणारा एच-इंडेक्स बघा. मी हरभऱ्याच्या जनुकीय नकाशांवर काम करते. हे वाचून मला गप्प बसवत नाही.

‘एकातही मुरले नाहीत’ हे आधी घेऊ. नकाशा बांधायच्या प्रोग्रॅममध्ये रोज मला एक पर्याय निवडावा लागतो : गुणसूत्रावरचं अंतर आनुवंशिकीतज्ज्ञ हॅल्डेनच्या सूत्राने काढायचं की कोसंबींच्या? दोन मार्करांमध्ये (गुणसूत्रावरच्या खुणांमध्ये) २० टक्के पुनर्संयोजन, म्हणजे अदलाबदलीने झालेली नवी जुळणी, दिसलं, तर हॅल्डेनच्या सूत्राने अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकीय अंतराचं एकक) येतं, कोसंबींच्या सूत्राने २१.२. गुणसूत्रांची एका जागी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होण्याची शक्यता बहुधा घटते. १९१९च्या हॅल्डेनच्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. तो धरणारं सुटसुटीत सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये दिलं, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. आज गहू, भात, हरभरा, कुठल्याही पिकाच्या नकाशाचे निबंध काढा, ‘कोसंबी फंक्शन’ सापडतंच.

साइटेशनचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. त्यातले कितीतरी निबंध सूत्राचं नाव लिहितात आणि मूळ निबंध संदर्भसूचीत देतच नाहीत. मीही दिलेला नाही, एकदा नव्हे, अनेकदा. नाव विशेषण झालं की मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाही. एच-इंडेक्स तर हर्श यांनी २००५ मध्ये सुचवला, कोसंबी गेल्यावर ३९ वर्षांनी. ज्या संख्येइतक्या निबंधांना प्रत्येकी निदान तितकी साइटेशन मिळाली, ती सर्वांत मोठी संख्या म्हणजे एच-इंडेक्स. त्याचा हिशोबही बघा : पाच निबंध, प्रत्येकाला हजार साइटेशन, तर एच-इंडेक्स पाच. वीस निबंध, प्रत्येकाला फक्त वीस, तर एच-इंडेक्स वीस. शिवाय जीवशास्त्रात साइटेशन भराभर जमतात, गणितात सावकाश, आणि संस्कृत हस्तलिखितांच्या संपादनाला तर या याद्यांमध्ये जागाच जेमतेम. पाच क्षेत्रांत काम केलेल्या माणसाची या एका आकड्यावर बोळवण करणं मला अन्यायाचं वाटतं.

‘गणितात जमेना’ हे तर धादांत खोटं आहे. १९३३ मध्ये त्यांचा पथ-भूमितीवरचा (वक्र मार्गांच्या भूमितीवरचा) निबंध एका नामवंत जर्मन नियतकालिकात आला आणि एली कार्तांसारख्या दिग्गज फ्रेंच गणितीने त्यावर लगेच टिपण लिहिलं. पुढे गणिती चर्न यांनी भर घातली. तो सिद्धांत आज कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो. १९४३चा त्यांचा आणखी एक निबंध यादृच्छिक फलन सोप्या घटकांच्या बेरजेत मांडणाऱ्या ज्या विस्तारापर्यंत पोहोचला होता, तो मात्र जगभर कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने शिकवला जातो. त्या दोघांचं काम नंतरचं.

एक गोष्ट खरी आहे. रीमान गृहीतक (अविभाज्य संख्यांशी निगडित, गणितातला एक गाजलेला न सुटलेला प्रश्न) सोडवल्याचा त्यांचा उत्तरायुष्यातला दावा चुकला, आणि त्याने त्यांच्या नावाला धक्का बसला. तो चुकलाच. म्हणून १९३३, १९४३ आणि १९४४ पुसले जात नाहीत.

राहिलं इतिहासाकडे ‘वळणं’. कोसंबी नाण्यांकडे आले ते तराजू घेऊन. चांदीचं नाणं हातोहात फिरलं की झिजतं, आणि जास्त फिरलेल्या नाण्यांची वजनं एकमेकांपासून जास्त पांगतात. हे पडताळायला त्यांनी त्या काळची चलनातली नाणीसुद्धा वजन करून पाहिली. मग तक्षशिलेच्या ठेव्यातली आहत (ठसे मारून घडवलेली प्राचीन) नाणी घेतली. त्यांच्या मागच्या बाजूला तपासणीचे छोटे छाप असतात. छाप जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी भरलं. म्हणजे कुठला गट आधीचा, कुठला नंतरचा, हे राजांच्या वंशावळ्यांकडे न जाता वजनावरून लावता आलं. हे संख्याशास्त्रच आहे, फक्त समोर गुणसूत्रांच्या जागी चांदीचे तुकडे आहेत. तो निबंध १९४१चा, म्हणजे माझ्या प्रोग्रॅममधल्या त्या सूत्राच्या तीन वर्षं आधीचा.