आमसुली की जांभळा?

नागपूरच्या माणसाला समुद्राची हौस आली की तो गणपतीपुळ्याला जातो, येताना आंबापोळी आणतो आणि विषय संपतो. आमच्याकडे यांनी समुद्रच हॉलमध्ये आणून ठेवला. मुंबईचा किनारा इथून ८०० किलोमीटर लांब, आणि आमच्या सोफ्याशेजारी चार फुटी काचेच्या टाकीत प्रवाळ डुलतायत. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट ताडोबाच्या वाघाच्या पंगतीला बसलेली. त्यामुळे आमची मंडळी परदेशी, आणि त्यांच्या कागदपत्रांची फाइल माझ्या पासपोर्टपेक्षा जाड.

मला वाटायचं, यात मासे सांभाळायचे असतात. छे! मासे आपले आपण राहतात. सांभाळायचं असतं ते पाणी.

तेही साधं नव्हे. आम्ही जन्मभर पेंचचं पाणी पिऊन वाढलो, पण ते या पाहुण्यांना सोसत नाही. आधी ते आरओमधून काढायचं, मग उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआयच्या नळकांड्यातून, आणि मीटरवर टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य दिसला की त्यात खास मीठ घालायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आरओने बाजूला टाकलेल्या पाण्याच्या बादल्या मी फरशी, कुंड्या आणि कूलर यांच्यात वाटून टाकते. मिठाच्या डब्याची किंमत कळली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काऊन रे, आपल्या घरचं मीठ काय कडू आहे?" घरच्या मिठात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं, समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं, असं यांनी समजावलं. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं सगळं आहे त्यात, तर मग वरणात टाक ना चिमूटभर."

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर आहे. काचेवर थेंब टाकायचा, एक डोळा मिटायचा आणि नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. आकडा ३५ हवा. उजेड आमच्या गॅलरीत चांगला येतो, आणि गॅलरीसमोर पलीकडच्या इमारतीतल्या काकूंची खिडकी आहे. त्यांनी पडदे बदलले, जाड लावले.

रविवारी सकाळी लोकांच्या टेबलावर तर्री-पोहे असतात, आमच्या टेबलावर परीक्षानळ्या. आणि इथे माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, कारण या सगळ्या चाचण्या रंगावर चालतात आणि यांच्या जगात रंग एकूण चार. माझ्या राणी, डाळिंबी आणि गुलबक्षी अशा तिन्ही साड्यांना हा माणूस आजवर "ती लाल" म्हणत आला आहे. कॅल्शियमच्या चाचणीत गुलाबी पाणी थेंबाथेंबाने निळं व्हावं लागतं. पण ते सरळ निळं कुठलं व्हायला! आधी आमसुली होतं, मग जांभळं, मग वांगी. नेमकं कुठल्या थेंबाला थांबायचं यावर आमचा संसार पणाला लागतो. "झालं ना निळं?" "अहो, आमसुली आहे अजून." "आमसुली म्हणजे किती पीपीएम?" दहा लाख भागांत कॅल्शियम किती, हे मी आमसुलीवरून कुठून सांगू! ट्यूबलाइटखाली एक रंग, खिडकीत दुसरा. शेवटी नळी पांढऱ्या कागदावर धरून मी निकाल देते आणि ते वहीत ४२० लिहितात.

केएच, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, त्यातल्या त्यात सोपा. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका केएच. प्रवाळ आपला सांगाडा बांधतात तो या कार्बोनेटवर, त्यामुळे हा आकडा आठ-नऊच्या आसपास ठाम राहिला पाहिजे. थोडा कमीजास्त असला तरी भागतं, पण एकदम हलला की ही मंडळी रुसून तोंड मिटून बसतात. एका रविवारी थेंब मोजता मोजता आतून आवाज आला, "शिट्ट्या किती झाल्या गं?" मी म्हटलं, "चार." यांनी वहीत केएच चार लिहिला आणि घाबरून केएच वाढवायच्या पावडरचा डबा उघडला. आईंनी गॅस बंद केला. दुपारी डाळ कचकचीत होती. पावडर मात्र मी वेळेत हिसकावून घेतली.

हे झालं हिवाळ्यातलं. मे महिन्यात पारा ४५ पार जातो तेव्हा खरा तमाशा. टाकीतलं पाणी २५-२६ अंशांवर हवं. ते तिशीच्या वर राहिलं की प्रवाळ अंगात राहणारं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. उपाय म्हणून यांनी टाकीवर छोटे पंखे लावले. नागपूरच्या कोरड्या हवेत ते झकास चालले. पाणी भराभर उडायचं, टाकी गार राहायची. उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं, म्हणून रोज बादलीभर बिनमिठाचं पाणी वरून ओतायचं. ओतलं, तक्रार केली नाही.

मग आम्ही कूलर लावला. हॉलची हवा दमट झाली, पंख्यांनी पाणी उडेना आणि टाकीचा पारा चढला. यांनी थर्मामीटर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कूलर बंद करावा लागेल." नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत! खिडकीबाहेर लू, आत आम्ही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलो, आणि शेजारचे भाऊ डोकावून विचारतात, "काय करून राहिले हो तुम्ही सगळे?"

मी लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात एसी मागितला होता. तेव्हा वीजबिल, मग गृहकर्ज, मग "आपल्याला सवय आहे गं". प्रवाळांनी तोंडातून शब्द काढला नाही, फक्त कडेने जरा पांढरे पडले, आणि दुसऱ्या दिवशी दीड टनाचा एसी भिंतीवर होता. रिमोट टाकीखालच्या कपाटात असतो, चाचण्यांच्या बाटल्यांसोबत. मी २३ केलं की हे न बोलता २६ करून जातात. सासूबाईंनी मात्र त्याच रात्री आपली गादी हॉलमध्ये आणली, आणि त्यानंतर मिठाच्या किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही.