दोनची गाडी

गल्लीत मला सध्या 'दोनवाले' म्हणतात. परवा कोपऱ्यावरच्या मिसळीच्या गाड्यावर एका पोरानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणालं, "रात्री दोनला कॉम्प्युटर लावून बसतात ते हेच की." मी कटाची वाटी तशीच खाली ठेवली. पन्नाशीला आलेल्या, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात चष्मा झिजवलेल्या माणसाबद्दल हे! बरं, खुलासा करावा, तर 'स्पायवेअर' (मशीनमध्ये लपून पाळत ठेवणारा प्रोग्रॅम) शब्द तोंडातून निघाला की समोरच्याचा संशय दुप्पट होतो.

झालं होतं एवढंच. पोरानं कुठलासा फुकटचा गेम उतरवला आणि तेव्हापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान यायला लागलं. म्हटलं, आठवड्यातून एकदा अख्खं मशीन आपोआप तपासलं जाऊ दे. टास्क शेड्युलर उघडला, नवा टास्क केला, वार मंगळवार, वेळ रात्री 2. विंडोजबरोबरच येणारा, व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम म्हणजे डिफेंडर. त्याला द्यायच्या आज्ञेत शेवटी एक आकडा लिहावा लागतो. 1 म्हणजे क्विक स्कॅन, 2 म्हणजे फुल. कोल्हापुरात हाफ कुणी मागवत नाही. 2 लिहिला.

पहिल्या आठवड्यात मशीन बंद करून झोपलो, त्यामुळं दोनला काहीच झालं नाही. पण 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालवा' अशी एक टिक मीच हौसेनं करून ठेवली होती. सकाळी लाईटबिलाची शेवटची तारीख, ओटीपी येऊन पडलेला, आणि नेमकं तेव्हाच मशीनला रात्रीचं कर्तव्य आठवलं. पान फिरत राहिलं, ओटीपी शिळा झाला, दंड बसला. मग मी दुसरी टिक केली: 'या कामासाठी कॉम्प्युटरला जागं करा.' आणि रात्री मशीन बंद न करता नुसतं स्लीपमध्ये ठेवलं.

एक गोष्ट विसरलो. ह्या मशीनचं कॅबिनेट पोराच्या हट्टानं घेतलेलं, काचेचं. आत तीन पंखे आणि प्रत्येक पंख्याला रंगीत दिवे. मंगळवार पेठेत आमच्या आणि समोरच्या घरात एक बुलेट जेमतेम जाईल एवढंच अंतर. आणि समोर राहतात आबा.

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला पंधरा वर्षं झाली, पण पहाटेच्या गाड्या सोडायची सवय गेली नाही, त्यामुळं ते झोपत नाहीत. बरोबर दोनला दाराची कडी वाजली.

"आरं, हॉलात लाईटिंग काय लावलंयस? गणपतीला अजून दोन महिने हाईत!"

मी बनियनवर. मागून बायको: "मी किती घाबरलो! मला वाटलं आग लागली." आबांच्या मागं काठी घेतलेले दोघे, त्यांच्या मागं नुसतेच बघायला आलेले तिघे. मी सगळ्यांना सांगितलं की हे स्कॅन आहे, शेड्युल केलंय, आपोआप सुरू होतं.

'शेड्युल' शब्द ऐकला आणि आबा आत येऊन सोफ्यावर बसले.

"शेड्युल कुणी लावलं?"

"मीच."

"वार?"

"मंगळवार, रात्री दोन."

"चुकलास. ही सोमवारची रात्र. तारीख बाराला बदलती. आमच्यात अशी तारीख टाकली असतीस तर जबाब द्यावा लागला असता." मग पंख्यांकडं बघून, "पयल्या आठवड्यात का सुटली न्हाई?"

मशीन पूर्ण बंद होतं, म्हटलं. स्लीपमध्ये असेल तरच ते उठतं.

"मग सरळ सांग की! बंद म्हंजे गाडी डेपोत जमा. स्लीप म्हंजे मुक्कामी. गगनबावड्याला मुक्कामी गेलेल्या डायवरला उठवता येतंय. घरी गेलेल्याला कोण उठवणार?"

एवढ्या वर्षांत हा फरक मला इतक्या स्वच्छ कुणी सांगितला नव्हता. रात्री दोनला सांगायची गरज होती का, हा प्रश्न वेगळा.

"पण तपासणी पथक येळ सांगून येतंय व्हय? चोर उतरून जाईल की."

मी म्हटलं, दारात कंडक्टर कायम उभा आहे, त्याला रिअल टाइम प्रोटेक्शन म्हणतात. हे पथक वेगळं, सीटखाली बघणारं.

"कधी भरती झालं?"

आता हे मला ठाऊक होतं, म्हणून चढून सांगितलं. डिफेंडर मुळात स्पायवेअर पकडायलाच आला. 2004 साली मायक्रोसॉफ्टनं जायंट नावाची कंपनी घेतली, तिच्या प्रोग्रॅमवरून तो झाला. व्हायरसचं खातं त्याच्याकडं विंडोज 8 पासून आलं.

"आमची पयली गाडी 1 जून 1948. पुणे-अहमदनगर," आबा म्हणाले आणि काठीवाल्यांकडं अशा नजरेनं बघितलं की त्यांनी मान डोलावली. बायकोनं चहा टाकला. दुसरं काय करणार! सहा कप. पावणेपाचला स्कॅन संपलं. धोके: 0.

शून्य. ह्यासाठी माझी झोप, अर्धा लिटर दूध आणि अब्रू गेली. त्याच दिवशी सकाळी अकराला एका बाईंचा फोन, माझं पूर्ण नाव घेऊन: "सर, आपण मागच्या महिन्यात गाडी घेतलीत, टॉप-अप लोन हवंय का?" ह्यांना कुणी सांगितलं? चार हातरुमाल घ्यायला गेलं तरी काउंटरवरचा मुलगा आधी मोबाईल नंबर मागतो, आणि नाही म्हटलं की मीच रुमाल चोरून नेतोय असं बघतो. बॅटरीचं ॲप टाकलं तर त्याला माझे कॉन्टॅक्ट हवेत. उजेड पाडायला माझ्या मेव्हण्याचा नंबर कशाला लागतो? हे कुठल्याच स्कॅनमध्ये सापडणार नाही, कारण तिथं 'अलाऊ' मीच दाबलंय, माझ्याच अंगठ्यानं, घाईत. रात्री जागून मी घराचे कोपरे झाडतोय आणि पुढचं दार सताड उघडं. चीड येते ती ह्याची. पण गल्लीत ह्यावर कुणी बोलत नाही. गल्लीला 'दोनवाले' पुरेसं आहे.

आता स्कॅन दुपारी दोनला लावलंय. त्या वेळी पेठ झोपलेली असते, दिवे दिसत नाहीत. वेळ आबांनी मंजूर केली. त्यासाठी शंभर पानी वही आणली, पट्टीनं रकाने पाडले: सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. दर मंगळवारी दोनला पाच कमी असताना ते येतात, मनगटावरचं घड्याळ मशीनच्या घड्याळाशी लावून बघतात आणि पंखे फिरले की मान हलवतात.

ह्या मंगळवारी एक छप्पन्नला लाईट गेली. आबा तरी बसून राहिले. सव्वादोनला खिशातून लाल पेन काढलं, शेऱ्यात 'फेरी रद्द' लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"सही कर. आणि खाली कारण लिही. पुढच्या मंगळवारी जादा सोडावी लागंल."

मी जेवत होतो. डाव्या हातानं सही केली.

"ही सही जुळत न्हाई," आबा म्हणाले.