स्टेअरिंग बदलताय? मग हातोडा आणा

पडवीत जुन्या जीपची चासी घेऊन हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीची सोलून-बदलून केलेली पळाऊ गाडी, उभी केलीत, इंजिन मस्त घुमतंय, आता फक्त ते थोराड स्टेअरिंग काढून 14 इंची स्पोर्टी चाक लावायचं राहिलंय ना? अभिनंदन. आता स्वतःचं डोकं अजिबात वापरू नका, गाडी सरळ गोव्यातल्या एखाद्या ‘सगळें जाता पात्रांव’ (सगळं होतं, मालक) म्हणणाऱ्या गॅरेजात न्या. मी गेल्या आठवड्यात नेली, म्हणून सांगतो.

पुलर, म्हणजे स्टेअरिंग ओढून काढायचं अवजार, मागू नका, मेकॅनिकचा अपमान होतो. नट दोन-तीन आट्यांवर अडकवून ठेवायचा, पुलर हळूहळू आवळायचा, चाक अलगद सुटतं, यात कसली मर्दुमकी? एकाने खालून चाक ओढायचं आणि दुसऱ्याने स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकावर दणादण हातोडा घालायचा, ही खरी पद्धत. जुन्या जीपमध्ये हा दांडा एकसंध खाली स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जातो, म्हणजे वरचा घाव थेट खालच्या बेअरिंगच्या कपांवर बसतो, पण बॉक्स कोण उघडून बघतंय! माझ्या दांड्याचं टोक पावसातल्या अळंबीसारखं पसरलं, नट चढेना, तर मेकॅनिक महाराजांनी कानस काढली आणि आटेच घासले. आटे! ज्यांच्यावर तो नट राहणार, आणि ज्या नटावर माझा जीव, तेच!



भोकं मोजू नका. मोमो, स्पार्को या कंपन्यांच्या स्टेअरिंगचे सहा बोल्ट 70 मिलीमीटरच्या वर्तुळात, नार्डीचे 74 च्या, आता 4 मिलीमीटरने काय आभाळ कोसळतंय? ड्रिल फिरवा, भोकं लांबट करा, सहापैकी तीन बोल्ट धरले तरी पुष्कळ.

पुढची चाकं सरळ ठेवून खूण करू नका, तिरपं स्टेअरिंग स्टायलिश दिसतं.

हॉर्नची वायर तुटली? असूदे, वळणावर देव आहे.

पॉवर स्टेअरिंग नसताना 17 इंचाच्या जागी 14 इंच लावलं की जवळपास सव्वापट जोर लागतो, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पार्किंग केलंत की जिमची फी वाचली.

आणि आरटीओचं नाव काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, विनापरवानगी प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड आहे, हॉट रॉडमध्ये मूळचं काय उरलंय ते मोजायला बसलात तर घर विकावं लागेल.

मग काय, बोरीच्या पुलावर समोरून टिप्पर आला, मी स्टेअरिंग वळवलं आणि स्टेअरिंगच वळलं, गाडी नाही! जेमतेम वाचलो. मेकॅनिकला फोन केला तर म्हणतो, “चार दीस चलय, आपसूक सेट जातलें.”

काय सेट जातलें? अरे, स्टेअरिंग आहे ते, आपोआप सेट होत नसतं, आपोआप निघून हातात येतं! मेकॅनिकसाहेब, येत नसेल तर येत नाही म्हणा ना, कोणी फाशी देत नाही. पुलर नाही तर मागून आणा. मापाला वर्नियर लावा, भोकं जुळली नाहीत तर बरोबर अडॅप्टर आणा, नट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळा. तुमच्या गॅरेजातून बाहेर पडलेली गाडी शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर असते, कळतंय का काही? आणि माझा नवा दांडा नि बेअरिंग सेट स्वतःच्या पैशाने आणून ठेवा, सोमवारी गाडी टो करून आणतोय, पुलर माझा मीच घेऊन येईन, तुमचा हातोडा तेवढा माझ्या नजरेला पडू देऊ नका.