‘टॉकबॅक आहे की, मग अडतंय कुठं?’ त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या मंगळवार पेठेतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे आता प्रत्येक फोनमध्ये टॉकबॅक असतो, तो सगळी अ‍ॅप अंधांना वाचून दाखवतो. कंपन्या स्कॅनर (अ‍ॅपमधल्या अशा त्रुटी आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर) लावून तपासूनच अ‍ॅप सोडतात. विश्वास नसेल तर डोळे मिटून पाच मिनिटं वापरून बघा. आणि पैशाचं काही अडलंच तर घरच्या माणसाला पिन सांगायचा, उगाच कोर्टकचेऱ्या कशाला? हा मेसेज कुणीतरी थेट माझ्या आत्याला पाठवला. तिला अजिबात दिसत नाही. तिनं तो टॉकबॅकवरच ऐकला आणि दिवसभर गप्प होती. म्हणून लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. पिन-ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँका रोज मेसेज पाठवतात, मग दिसत नाही त्या माणसाला हा नियम नाही का? पेन्शन आत्याची, पैसे तिचे, कुणाला किती पाठवले हे घरातल्यांनी तरी का बघायचं? आणि उद्या पैसे गेले तर पहिला प्रश्न हाच येणार, पिन कुणाला दिला होता काय.

तिचं अडतं कुठं ते ऐका. एका अ‍ॅपमध्ये पिनच्या कीपॅडवर बोट फिरवलं की टॉकबॅक प्रत्येक आकड्याला नुसतं ‘अनलेबल्ड’ म्हणजे ‘नाव नाही’ म्हणतोय, वर सुरक्षेसाठी म्हणून आकड्यांच्या जागा दर वेळी बदलतात, म्हणजे पाठ करायची पण सोय नाही. दुसरं एक अ‍ॅप टॉकबॅक चालू असला की उघडतच नाही. आता टॉकबॅक फोनमधल्या ज्या ॲक्सेसिबिलिटीच्या (दिव्यांगांसाठीच्या सोयींच्या) परवानगीवर चालतो, तीच मिळवून फसवणुकीची अ‍ॅप स्क्रीन वाचतात हे खरं आहे, ते मान्य. पण चोर येतो म्हणून घरमालकालाच बाहेर ठेवायचं?

कोर्टकचेऱ्या म्हणणाऱ्यांनी सुप्रीम कोर्टाचा 30 एप्रिल 2025 चा निकाल वाचावा, न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांचा. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात, ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या माणसानं ते करायचं कसं, असा तो प्रश्न होता. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं कोर्टानं सांगितलं आणि 20 निर्देश दिले. त्यातच आहे की ठराविक काळानं ॲक्सेसिबिलिटी ऑडिट, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतं का याची तपासणी, करा आणि नवीन अ‍ॅप किंवा फीचर आणताना चाचणीत अंध व्यक्तींना घ्या. नुसता स्कॅनर लावा असं नाही म्हटलेलं.

स्कॅनर अगदीच बिनकामाचा नाही. लेबल नसलेलं बटन, फिकट अक्षरं, बोटाला न सापडणारी बारकी बटनं तो पकडतो. पण बटनाला ‘इमेज 12’ असं लेबल दिलं तरी त्याचं समाधान होतं. पैसे गेले की अडकले हे फक्त लाल-हिरव्या रंगानं दाखवलंय, किंवा रकमेच्या आधीच ‘पे’ वाचलं जातंय, हे वापरणाऱ्यालाच कळतं.

डोळे मिटून बघा म्हणे! तुम्हाला ते बटन कुठं आहे ते आधीच पाठ आहे, अडलं की डोळे उघडता येतात, आणि टॉकबॅकवर एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की बटन दाबलं जातं, एवढं पण बहुतेकांना माहीत नसतं. शिवाय ज्यांना थोडं दिसतं, जे अक्षर मोठं करून वाचतात, ते ह्या परीक्षेत कुठंच नाहीत.

‘सगळं वाचतो’ ह्याला उत्तर एका ओळीचं आहे, डेव्हलपरनं जे लिहून ठेवलंय तेवढंच टॉकबॅक नीट वाचतो.

ज्यांच्या घरी असं अडतंय त्यांनी अ‍ॅपचं नाव, व्हर्जन, कुठल्या स्क्रीनवर अडलं आणि तिथं टॉकबॅक काय बोलला एवढं लिहून आधी कंपनीला पाठवा, नाही ऐकलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. आत्याची आम्ही तयार केलीय, मजकूर तिनं स्वतः बोलून टाईप केलाय.