जुनी बॅटरी घेताना नुसते किलोवॅट-अवर बघू नका

पेट्रोल-डिझेल गाडीचं इलेक्ट्रिकमध्ये कन्व्हर्जन करण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय की त्यासाठी भंगारातल्या गाडीची जितकी जास्त किलोवॅट-अवरची (म्हणजे जास्त ऊर्जा साठवणारी) बॅटरी मिळेल तितकी चांगली, हे मला अर्धवट वाटतं. पहिल्या निसान लीफ या इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरी पॅक 24 किलोवॅट-अवरचा आणि मोटरची ताकद 80 किलोवॅट, उलट पहिल्या शेवरोले व्होल्टचा पॅक फक्त 16 चा पण तो 111 किलोवॅटची मोटर ओढतो, कारण व्होल्टसारख्या प्लग-इन हायब्रीडच्या (चार्जरला लावता येणाऱ्या, इंजिनही असलेल्या गाडीच्या) सेलला छोट्या पॅकमधून जास्त करंट द्यायचा असतो. म्हणजे लहान, हलकी गाडी असेल, रोजचं अंतर कमी असेल तर व्होल्टचा पॅक मस्तच, शिवाय त्याला लिक्विड कूलिंग आहे, लीफला ते नाही, त्यामुळे गरम हवेत वापरलेली लीफ असेल तर जरा जपून. प्रियससारख्या साध्या हायब्रीडच्या नादी मात्र लागू नका, जेमतेम 1.3 किलोवॅट-अवर, त्यात गाडी कुठवर जाणार?

आणि प्लीज, नुसतं एकूण व्होल्टेज बघून पैसे देऊ नका हो. प्रत्येक सेल ग्रुपचं (पॅरलल जोडलेल्या सेलच्या गटाचं) व्होल्टेज मोजा, मग लोड देऊन परत मोजा, आरामात असताना सगळे सारखेच दिसतात पण लोडवर एखादा पटकन खाली बसतो आणि मग अख्खा पॅक त्याच्याच तालावर चालतो. पाऊच (सेलची चपटी पिशवी) फुगलेला, बसबारवर (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) हिरवट थर, कूलंटचे डाग दिसले तर सरळ नाही म्हणा. पॅक उघडायच्या आधी सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडणारा प्लग) काढा आणि हाय व्होल्टेजचे ग्लोव्हज घाला, तरीही आतल्या मॉड्यूलमध्ये (सेलच्या गठ्ठ्यांमध्ये) व्होल्टेज असतंच, इथे घाई नकोच.