सात लाखांचा मेसेज

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की आमच्याकडे आधी छातीत धस्स होतं. मामाचा होता. घाबरतच उचलला, तर पलीकडून एकदम उत्साहात, "अगं, आम्ही यंदापासून प्रॉपर्टी टॅक्स भरायचा नाही असं ठरवतोय. कमिटीतले पाच जण तयार आहेत. तू ऑडिटवाली, म्हणून म्हटलं एकदा तुझ्या कानावर घालावं."

मामा बोरिवलीतल्या बेचाळीस घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. फोन ठेवायच्या आत त्याने तो मेसेज मला पाठवलाही. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण होतीच. सारांश असा: मुंबई महापालिकेचे 92 हजार कोटी रुपये बँकांत नुसते पडून आहेत. वाटले तर प्रत्येक मुंबईकराला सात लाख मिळतील. जीएसटी आल्यापासून मालमत्ता कर घेणं बेकायदा आहे आणि सुप्रीम कोर्टानेही तो रद्द केला आहे. पाचशे फुटांपर्यंतची माफी हा त्याचाच पुरावा. पालिकेचं ऑडिट कोणीच करत नाही. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी आणि 'खरे मुंबईकर असाल तर पुढे पाठवा'.

असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. पण पाच जणांची कमिटी त्यावर ठराव करायला निघाली असेल, तर गप्प कसं बसायचं?

आधी ते सात लाख. मामा, तू आयुष्यभर कॅश टॅली केलीस ना? मग कागद घे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. 92 हजार कोटींना 1.24 कोटींनी भाग. कोटीला कोटी उडाले, उरलं काय? माणशी सुमारे 74 हजार रुपये. मेसेज लिहिणाऱ्याने एक शून्य जास्त मारलंय. एका शून्याने माणूस दिवाळखोर होतो किंवा लखपती. इथे अख्खं शहर लखपती झालं आणि हजारो लोकांनी न मोजता ते पुढे ढकललं.

बरं, 92 हजार कोटी हा आकडा हवेतला नाही, हे मान्य करते. 2022 च्या सुमारास पालिकेच्या मुदत ठेवी खरोखर तिथवर गेल्या होत्या. पण त्यानंतर त्या उतरत गेल्या आणि 2025 च्या सुरुवातीला 82 हजार कोटींच्या आसपास आल्या. म्हणजे मेसेज शिळा आहे. आणि ठेवी उतरल्या याचा अर्थच असा की पैसे मोडून कामांची बिलं भागवली जातायत. 'नुसते पडून' असलेले पैसे आपोआप आटत नाहीत.

आता ते पैसे कोणाचे? हे मामाला समजवायला मला त्याच्याच सोसायटीचा ताळेबंद काढावा लागला. त्यांच्याही नावावर बँकेत चांगल्या रकमेच्या एफडी आहेत. त्यात सिंकिंग फंड आहे, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेली पुंजी, जो सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दराने प्रत्येकाकडून गोळा होतो. दुरुस्ती निधी आहे. मागच्या वर्षी ज्याने गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं त्या कॉन्ट्रॅक्टरची अडवून ठेवलेली रक्कम आहे. उद्या चौथ्या मजल्यावरचा कोणी उठून म्हणाला, "एवढे पैसे पडलेत, बेचाळीस घरांत वाटून टाका", तर मामा त्याला जिन्यावरून ढकलून देईल. (शब्दशः नाही. पण मागच्या सर्वसाधारण सभेत एकाने हे सुचवलं होतं तेव्हा त्याचा आवाज खाली रिक्षा स्टँडपर्यंत गेला होता.)

पालिकेचंही हेच आहे, फक्त शून्यं जास्त. त्या ठेवींतला मोठा वाटा कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आहे. रस्त्याचं काम घेणारा निविदेबरोबर इसारा रक्कम भरतो, वर सुरक्षा अनामत ठेवतो. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायचा काळ, संपला की ती परत द्यायची असते. झाडूवाल्याचा पीएफ वाटून तुला माणशी 74 हजार हवेत का? उरलेला वाटा कामांसाठी राखून ठेवलेला. 2025-26 चा पालिकेचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता आणि त्यातले 43 हजार कोटींहून जास्त भांडवली कामांसाठी होते. सागरी किनारा रस्त्यालाच चौदा हजार कोटींच्या आसपास लागले. वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप, धारावी या सात ठिकाणची मलजल प्रक्रिया केंद्रं आहेत, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आहे, आणि बेस्टला दर वर्षी हात द्यावा लागतो तो वेगळाच. हाती घेतलेल्या कामांची देणी ठेवींच्या कितीतरी पुढे गेली आहेत. मी पालिकेची ऑडिटर असते तर मला काळजी उलट वाटली असती.

यात एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची खरी, आणि ती मला आवडत नसली तरी लिहिते. ठेवी इतक्या फुगल्याच का? पाणी, मलनिःसारण, रस्ते ही कामं वर्षानुवर्षं रेंगाळली, अर्थसंकल्पात धरलेले पैसे मार्चअखेर खर्चलेच गेले नाहीत आणि ते ठेवीत जाऊन बसले. पावसाळ्यात खड्ड्यात आपटणाऱ्या माणसाने हे विचारावंच. पण विचारण्यासारखं इतकं असताना याने काय विचारलं? 'सात लाख कधी देणार?'

आता ज्या मुद्द्याने मामाचं खरोखर नुकसान होणार होतं तो: कर भरू नका.

'जीएसटी आल्यावर मालमत्ता कर बेकायदा.' जीएसटीने मुंबई पालिकेचा जो कर खाल्ला त्याचं नाव जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. 1 जुलै 2017 ला जकात नाके बंद झाले. ऐरोली, मुलुंड, दहिसरला ट्रकांच्या रांगा लागायच्या, आठवतं ना? तो कर गेला. त्याच्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला दर महिन्याला भरपाई देतं, त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि दर वर्षी आठ टक्के वाढही त्यात लिहिली. पहिला धनादेश 647.34 कोटींचा होता. 2025-26 मध्ये या भरपाईतून साधारण 14,400 कोटी येतील असं पालिकेने धरलं होतं. मालमत्ता करातून अपेक्षा 5,200 कोटींची.

मालमत्ता कराला जीएसटीने हातही लावलेला नाही. जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली 49 वी नोंद आहे. जीएसटीसाठी 101 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा जकातीची 52 वी नोंद काढून टाकली. 49 वी होती तिथेच आहे. काढलेल्या ओळीच्या तीनच नोंदी आधीची ओळ, तेवढी वाचायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत.

'सुप्रीम कोर्टाने रद्द केला.' इथे अर्धवट खरं सगळ्यात घातक ठरतं. 2010 पासून मुंबईत भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, कर लागतो. त्याच्या नियमांतल्या 20, 21 आणि 22 या तीन नियमांवर मालमत्ताधारक कोर्टात गेले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले आणि 7 नोव्हेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. वाद होता जमिनीवर उद्या किती बांधता येईल ते धरून आजच कर लावायचा का, याचा. कोर्ट म्हणालं, आज जे आहे त्यावर लावा. भांडवली मूल्याची पद्धतही टिकली, करही टिकला. पालिकेचं चुकलं होतं हे कबूल, पण तीन नियम गेले म्हणजे कर गेला हा अर्थ काढायला खास प्रतिभा लागते.

पाचशे फुटांचं एका वाक्यात: 1 जानेवारी 2022 पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना पूर्ण माफी मिळाली, ती कायद्यात दुरुस्ती करून, कर मुळातच बेकायदा असता तर माफ कशाला करावा लागला असता?

मी मामाला म्हटलं, कपाटातून बिल काढ. त्यांचं बिल सोसायटीच्या नावावर येतं आणि मग घराघरांवर विभागलं जातं. चष्मा लावून त्याने एकेक रकाना वाचला. सर्वसाधारण कर. जल कर, जल लाभ कर. मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर. मनपा शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर. वृक्ष उपकर. पथ कर. "एवढं असतं होय यात?" म्हणाला. सेक्रेटरी होऊन सहा वर्षं झाली त्याला. मग मी सहामाहीचा आकडा विचारला. साधारण सव्वाचार लाख. थकवलं तर दंड महिन्याला दोन टक्के, म्हणजे साडेआठ हजार रुपये दर महिना. आणि तो फक्त मेसेज मानणाऱ्या पाच जणांवर नाही. सोसायटी थकबाकीदार, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकूही थकबाकीदार. मेसेज लिहिणारा यातले साडेआठ रुपयेसुद्धा भरणार नाही.

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग त्याने शेवटचा हुकमी एक्का काढला. "ते राहू दे. पण ऑडिट तर कोणी करत नाही ना?"

करतात. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली पालिकेला स्वतंत्र मुख्य लेखापरीक्षक असतो आणि त्याचा अहवाल आयुक्तांकडे न जाता नगरसेवकांच्या स्थायी समितीकडे जातो. रचना चांगली आहे. पण 7 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त स्थायी समितीच नव्हती. आयुक्त तेच प्रशासक. 2023 मध्ये, 1985 नंतर पहिल्यांदा, प्रशासकाने अर्थसंकल्प मांडला आणि प्रशासकानेच मंजूर केला. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. आक्षेप काढणारा जागेवर होता, पण आक्षेपावर जाब विचारणारी खुर्ची रिकामी होती. एवढं मेसेजवाल्याला देऊन टाकते.

पण 'कोणीच नाही' म्हणणाऱ्याने कॅगचं, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचं, नाव ऐकलेलं नसावं. राज्य सरकारच्या सांगण्यावरून कॅगने पालिकेचं विशेष ऑडिट केलं आणि मार्च 2023 मध्ये ते विधानसभेत मांडलं गेलं. नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022 या काळातली नऊ विभागांची 76 कामं, सुमारे 12,024 कोटींची. त्यात काय निघालं? 214.48 कोटींची 20 कामं निविदाच न काढता दिलेली. 3,355.57 कोटींच्या 13 कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमलेलाच नाही. कोविड काळातल्या 3,538.73 कोटींच्या खर्चाचे कागद पालिकेने साथरोग कायद्याकडे बोट दाखवून दिलेच नाहीत. आणि जे वाचून मी खुर्चीत सरळ बसले ते हे: 64 कामं, 4,755.94 कोटी रुपये, आणि पालिका व कंत्राटदार यांच्यात करारच झालेला नाही.

करार नाही म्हणजे काय, हे मामाइतकं चांगलं कोणाला कळणार? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा साधा कागदही त्याने केला नव्हता. 'ओळखीचा आहे गं' म्हणाला होता. पहिल्याच पावसात पाणी टपकलं, तेव्हा कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पाच वर्षांची गॅरंटी मी कुठे दिली होती? दाखवा कागद. ती अडवून ठेवलेली रक्कम होती म्हणून निभावलं. मी माझ्या ऑडिट रिपोर्टमध्ये त्यावर शेरा मारला म्हणून मामा माझ्याशी पंधरा दिवस बोलत नव्हता. आता तीच गोष्ट पावणेपाच हजार कोटींच्या कामांवर झालेली धर. नाला गाळाने भरला, रस्ता उखडला, तर कोणत्या कलमाखाली कोणाला धरायचं? या आकड्यावर कुणी मेसेज केला असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता, हात जोडून.

"मग कॅगचं का नाही फिरत?" मामाने विचारलं.

"त्यात कोणाला सात लाख मिळत नाहीत ना."

संध्याकाळी त्याचा फोन आला. कमिटीची बैठक झाली, कर भरायचं ठरलं, आणि ग्रुपवर दुरुस्तीही टाकली म्हणाला. मी उघडून पाहिलं. मेसेज तोच होता, शब्द न् शब्द, तीन हात जोडलेलेही. फक्त सात लाखांच्या जागी 74 हजार केलं होतं.